गाण्याच्या मागे पडणारे ओठ: विद्यार्थी संगीत-व्हिडिओत सुटलेला सिंक कसा शोधावा आणि कसा बसवावा

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागात मी संकलन कक्ष सांभाळतो. दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधीच्या पंधरवड्यात विद्यार्थ्यांचे गट लॅपटॉप घेऊन येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: मुखड्याला ओठ बरोबर जुळतात, दुसऱ्या कडव्यापर्यंत येता येता गायकाचे ओठ गाण्याच्या मागे पडू लागतात आणि शेवटच्या ध्रुवपदाला तर तो वेगळेच गाणे म्हणतो आहे असे वाटते. तोपर्यंत त्यांनी प्रत्येक शॉट डोळ्यांनी पाहून दोन फ्रेम इकडे, तीन फ्रेम तिकडे सरकवलेला असतो आणि मूळ दोष त्या सरकवासरकवीखाली गाडला गेलेला असतो. म्हणून पहिली विनंती ही की, किती अंतर पडते आहे ते मोजल्याशिवाय एकही क्लिप हलवू नये. टाइमलाइनची, म्हणजे संकलन सॉफ्टवेअरमधल्या क्लिप आणि गाण्याच्या मांडणीची, एक प्रत करून ठेवावी आणि तपासणी त्या प्रतीवर करावी.

लक्षणे

सुटलेला सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज यांची बिघडलेली जुळणी, चार प्रकारे दिसतो. पहिल्या प्रकारात अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच राहते, म्हणजे ओठ कायम तीन फ्रेम मागे किंवा पुढे असतात. दुसऱ्या प्रकारात अंतर संथपणे आणि समप्रमाणात वाढत जाते. तिसऱ्या प्रकारात अंतर मध्येच उडी मारते किंवा एकाच शॉटमध्ये कमी-जास्त होते. चौथ्या प्रकारात एका लॅपटॉपवर सर्व ठीक दिसते, पण सभागृहात, दूरदर्शन संचावर किंवा फोनवर बिघडते. या चारही प्रकारांची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे आपला प्रकार कोणता हे ठरवण्यासाठी अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

मोजण्याची खूण आपल्या वर्णमालेतच आहे. प आणि ब उच्चारताना ओठ पूर्ण मिटतात आणि फुटून उघडतात. त्या उघडण्याच्या क्षणी आवाजाच्या आलेखात एक टोकदार उंचवटा दिसतो. म उच्चारतानाही ओठ मिटतात, पण मिटलेले असतानाच नाकातून गुंजन चालू असते, त्यामुळे आलेखात कडा स्पष्ट मिळत नाही. फ अनेकजण वरचे दात खालच्या ओठाला टेकवून उच्चारतात, म्हणून त्यावरही भरवसा ठेवू नये. गाण्याच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी प किंवा ब असलेला एकेक शब्द निवडावा, ओठ ज्या फ्रेमला उघडतात ती फ्रेम आणि आलेखातला उंचवटा यांतील अंतर फ्रेममध्ये लिहून घ्यावे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. हे तीन आकडे कागदावर आले की पुढचे बरेचसे निदान आपोआप होते.

किती अंतर खपते, हेही ठाऊक असावे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते, मात्र तो उशिरा आल्यास सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा जाणवत नाही. वीज आधी चमकते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, याची आपल्याला जन्मभर सवय असते. आवाज आधी आणि कृती नंतर असे निसर्गात घडत नाही. म्हणून अर्ध्या फ्रेमबद्दल शंका असेल तेव्हा आवाज किंचित उशिरा राहील अशीच बाजू निवडावी.

खर्च नसलेल्या तपासण्या

सर्वांत आधी ब्लूटूथ हेडफोन काढून तारेचा हेडफोन लावावा. ब्लूटूथवर आवाज पोचायला लागणारा वेळ १०० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत असू शकतो आणि तो उपकरणागणिक बदलतो. त्या हेडफोनवर ऐकून ज्याने दोन रात्री जागून सगळे शॉट बसवले, त्याचे सगळे काम नेमके तेवढ्या अंतराने चुकलेले असते. त्यानंतर गाण्यातला वीस सेकंदांचा भाग निर्यात करून तो वेगळ्या प्लेअरमध्ये पाहावा. जुन्या लॅपटॉपला जड फाइल पेलत नाही, चित्र अडखळत मागे राहते आणि आवाज पुढे जातो. निर्यात केलेल्या तुकड्यात सिंक बरोबर असेल तर टाइमलाइनमध्ये दोष नाही आणि काहीही दुरुस्त करू नये.

दुसरी तपासणी गाण्याच्या ट्रॅकची. गाणे टाइमलाइनवर सलग, एकही काप नसलेले असायला हवे. मध्ये नवा शॉट घुसवताना गाण्याचा ट्रॅक कुलूपबंद नसेल तर सॉफ्टवेअर गाण्याचेच दोन तुकडे करून पुढचा तुकडा ढकलते. कधी ही फट चार फ्रेमांची असते आणि पखवाजाच्या थापेत लपून जाते. अंतराने एका विशिष्ट जागेपासून उडी मारली असेल तर मी प्रथम हीच जागा पाहतो. उपाय सोपा आहे: मूळ गाणे नव्या ट्रॅकवर पुन्हा आरंभापासून ठेवावे, दोन्ही आलेख एकाखाली एक ताडून पाहावेत, नवा ट्रॅक कुलूपबंद करावा आणि मगच जुना काढावा.

चित्रीकरण ज्या गाण्यावर झाले तेच गाणे टाइमलाइनवर आहे का

या प्रश्नावर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्याकडे आलेल्या गटांपैकी बऱ्याच जणांचा दोष इथेच सापडला आहे. विद्यार्थ्यांचे गाणे स्वतः रचलेले असते. चित्रीकरणाच्या दिवशी अंतिम मिश्रण (आवाज आणि सर्व वाद्ये एकत्र करून पक्के केलेले गाणे) तयार नसते, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली कच्ची फाइल स्पीकरवर वाजवली जाते. पुढे रेकॉर्डिस्ट पक्के मिश्रण पाठवतो आणि संकलक निःशंकपणे तेच ठेवतो. दोन्ही गाणी कानाला एकच वाटतात, पण ती एकच असतील असे नाही. एका गटाने रंकाळ्याच्या काठावर दोन सकाळी चित्रीकरण केले होते आणि शेवटच्या ध्रुवपदापर्यंत त्यांचे ओठ अडीच सेकंदांहून अधिक मागे पडत होते. कॅमेरा बदलून झाला, सॉफ्टवेअर बदलून झाले. शेवटी दोन्ही फाइलींची लांबी पाहिली तेव्हा उलगडा झाला: कच्चे गाणे मिनिटाला ९२ ठोक्यांच्या लयीत होते आणि पक्के करताना गाणे जरा उठावदार व्हावे म्हणून लय ९३ केली होती. ४ मिनिटांच्या गाण्यात ९२ च्या लयीने ३६८ ठोके बसतात, तेच ठोके ९३ च्या लयीने २३७.४ सेकंदांत संपतात. संगीत करणाऱ्याला हा बदल क्षुल्लक वाटला होता आणि त्याच्या बाजूने तो होताही.

म्हणून दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहाव्यात. एकूण लांबीवर विसंबू नये, कारण आरंभी किंवा शेवटी शांतता कमी-जास्त असू शकते. पहिला ठोका आणि शेवटचा ठोका यांतील अंतर मोजावे. हे अंतर समान असेल आणि फक्त आरंभ पुढे-मागे असेल तर सगळे गाणे तेवढ्याने सरकवले की काम झाले. एमपीथ्री फाइलच्या आरंभी संकेतन करताना थोडी शांतता भरली जाते, त्यामुळे एमपीथ्रीच्या जागी वेव्ह फाइल ठेवल्यावर साधारण पाऊण फ्रेम ते एक फ्रेम एवढा सारखा फरक पडतो. तो याच प्रकारातला आहे.

लय बदलली असेल तर पहिला मार्ग रेकॉर्डिस्टकडे चित्रीकरणाच्या लयीतले पक्के मिश्रण मागण्याचा. त्याच्याकडे सर्व वाद्ये वेगळी असतात, त्यामुळे त्याला ते स्वच्छ करता येते. ते शक्य नसेल तर गाण्याला हात न लावता चित्राचा वेग बदलावा. वरच्या उदाहरणात ९३ भागिले ९२, म्हणजे सर्व गाण्याच्या शॉटचा वेग १०१.०९ टक्के केला आणि ओठ जुळले. चित्रातला एक टक्का डोळ्यांना कळत नाही. गाणे मात्र सॉफ्टवेअरने ताणले की झांजा आणि तारवाद्यांवर खरखर चढते आणि ती ऐकणाऱ्याला लगेच खुपते.

आकडा कारण सांगतो

अंतर समप्रमाणात वाढत असेल तर शेवटी पडलेले अंतर आणि तिथपर्यंतचा वेळ यांचे टक्केवारीत प्रमाण काढावे. ४ मिनिटांना सुमारे पाव सेकंद, म्हणजे ०.१ टक्का आला, तर २४ आणि २३.९७६ किंवा ३० आणि २९.९७ या जवळजवळच्या फ्रेम दरांची गल्लत झालेली आहे. ४ मिनिटांना साडेनऊ-दहा सेकंद, म्हणजे सुमारे ४ टक्के आले, तर २४ ने घेतलेले चित्र २५ चे म्हणून वाचले गेले आहे किंवा उलट. ४ मिनिटांचे गाणे ३ मिनिटे ४० सेकंदांत संपून पट्टी जवळजवळ दीड स्वराने चढली असेल, तर ४४.१ किलोहर्ट्‌झचा आवाज ४८ चा म्हणून वाजतो आहे (हा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने नोंदले ते). इथे दीड स्वर म्हणजे पेटीवरच्या दीड पट्ट्या समजाव्यात. यांपैकी काहीच न येता मधलाच एखादा आकडा आला, उदाहरणार्थ १.१ टक्का, तर पुन्हा लयीच्या मुद्द्याकडे जावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ३० फ्रेमची क्लिप २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ठेवल्याने सिंक सुटत नाही. सॉफ्टवेअर मधल्या काही फ्रेम गाळते, चाल किंचित अडखळती दिसते, पण क्लिपची लांबी तीच राहते. सिंक सुटतो तो क्लिपच्या गुणधर्मात जाऊन तिचा दर हाताने बदललेला असेल तेव्हा, कारण त्याने प्रत्येक फ्रेम टिकून राहते आणि लांबी बदलते. तेव्हा प्रत्येक क्लिपचे गुणधर्म उघडून दर मूळचाच आहे याची खात्री करावी. संथगतीच्या शॉटमध्ये हाच दर मुद्दाम बदललेला असतो: ५० ने घेऊन २५ ने दाखवायचे असेल तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवलेले असावे लागते. ६० ने घेऊन २५ ने दाखवायचे असेल तर गाण्याचा वेग २४० टक्के हवा. ६० ने घेताना गाणे फक्त दुप्पट वेगाने वाजवले असेल तर २५ ने दाखवताना ओठ जुळणार नाहीत आणि तो शॉट ओठ न दिसणाऱ्या जागी वापरावा.

०.१ टक्क्याच्या दोषाविषयी माझे मत असे की त्यासाठी फार खटाटोप करू नये. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये त्याने फक्त ५ मिलिसेकंदांचा फरक पडतो. अख्खा टेक, म्हणजे एका दमात घेतलेले सलग चित्रीकरण, आरंभाला एकदाच जुळवून त्यातून शॉट कापले तर अंतर साचत जाते; प्रत्येक शॉट त्याच्या स्वतःच्या प किंवा ब वर जुळवला तर ते दिसतच नाही. वेगळ्या रेकॉर्डरचे घड्याळ मागे पडते असा संशयही वारंवार घेतला जातो, पण ४ मिनिटांच्या अवधीत त्या फरकाने सहसा अर्धी फ्रेमही हलत नाही.

फोनवरचे चित्रीकरण आणि अस्थिर फ्रेम दर

एकाच शॉटमध्ये ओठ कधी पुढे, कधी मागे होत असतील आणि शॉट फोनवर घेतलेला असेल, तर बहुधा फ्रेम दर अस्थिर आहे. फोन सेकंदाला ३० फ्रेम लिहितो असे आपण म्हणतो, पण प्रकाश कमी झाला, फोन तापला किंवा त्याच्यावरचा भार वाढला की काही सेकंदांत २९, काहींत २७ फ्रेमच लिहिल्या जातात. फोनच्या प्लेअरला प्रत्येक फ्रेमची वेळ ठाऊक असते, म्हणून तिथे सर्व बरोबर दिसते. काही संकलन सॉफ्टवेअर मात्र सगळ्या फ्रेम समान अंतरावर मांडतात आणि चित्र आवाजापासून सुटते. संध्याकाळी किंवा खोलीत घेतलेले शॉट बिघडतात आणि भर उन्हातले ठीक राहतात, हे या दोषाचे मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारे लक्षण आहे.

तपासण्यासाठी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. त्यात फाइल उघडल्यावर फ्रेम दराच्या पद्धतीपुढे ‘व्हेरिएबल’ असे दिसले की कारण सापडले. मग हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय निवडावा, दर मूळच्या जवळचा म्हणजे ३० ठेवावा आणि गुणवत्तेचा आकडा १८ च्या आसपास ठेवून नवी फाइल काढावी. रूपांतर करतानाच दर २५ करण्याचा मोह टाळावा, कारण दर सहावी फ्रेम गळून नाचाच्या हालचाली तुटक होतात. सगळे चित्रीकरण फोनचेच असेल तर टाइमलाइनच ३० ची केलेली बरी. मूळ फाइली जपून ठेवाव्यात. नव्या फाइली संकलनात जुन्यांच्या जागी जोडल्यावर कापाच्या जागा थोड्या हलू शकतात, त्यामुळे हे रूपांतर संकलन सुरू करण्यापूर्वीच केले तर पुष्कळ श्रम वाचतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिप या तपासणीत धरूच नयेत. तिथे फाइल नव्याने आवळली जाते, म्हणून ज्याच्या फोनवर चित्रीकरण झाले त्याच्याकडून केबलने मूळ फाइल घ्यावी. पुढच्या वेळी फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप वापरल्यास दर आधीच ठरवता येतो.

चित्रीकरणाच्या जागेवरचे दोष

सुटलेले अंतर शॉटगणिक वेगळे, पण एका शॉटमध्ये स्थिर असेल तर स्पीकर कुठे होता ते विचारावे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये जेमतेम १४ मीटर. घाटाच्या वरच्या पायरीवर स्पीकर आणि ३० मीटर खाली पाण्याशी गायक असेल तर त्याला गाणे दोन फ्रेम उशिरा ऐकू येते आणि तो दोन फ्रेम उशिराच ओठ हलवतो; लांबच्या आणि जवळच्या शॉटमध्ये त्यामुळेच फरक पडतो. हा दोष प्रत्येक शॉट तेवढ्या फ्रेमने सरकवून पूर्ण दूर होतो. कॅमेऱ्यात नोंदला गेलेला आवाज निकामी म्हणून पुसण्याची सवय मात्र सोडावी. तो ऐकायला वाईट असला तरी सॉफ्टवेअरला आपोआप जुळणी करण्यासाठी आणि आपल्याला ताडण्यासाठी तोच एकमेव साक्षीदार असतो. फक्त त्यात कॅमेऱ्यापर्यंत पोचलेल्या आवाजाची वेळ असते, गायकाच्या कानापर्यंत पोचलेल्या आवाजाची नव्हे, म्हणून आपोआप जुळणीनंतरही प आणि ब वर एकदा नजर टाकावी.

टीझर, रील आणि मोशन पोस्टर

मुख्य व्हिडिओ जुळल्यावर प्रसिद्धीच्या साहित्यात तोच दोष परत येतो, कारण ते बहुधा दुसरा विद्यार्थी, दुसऱ्या ॲपमध्ये, निर्यात केलेल्या फाइलीवरून करतो. टीझर आणि १०८० बाय १९२० ची उभी रील मूळ टाइमलाइनच्या प्रतीवरून, चित्र आणि गाणे एकत्र कापून काढावी. रीलमध्ये ॲपच्या संग्रहातले गाणे नव्याने लावायचेच असेल तर आपला आवाज आधी चालू ठेवून दोन्ही एकावर एक वाजवावेत. प्रतिध्वनी ऐकू आला तर अंतर आहे, तो नाहीसा होईपर्यंत सरकवावे आणि मग आपला आवाज बंद करावा.

मोशन पोस्टरवर, म्हणजे पडद्यावरच्या हलत्या पोस्टरवर, येणाऱ्या गीताच्या ओळींच्या वेळा जुन्या मिश्रणावरून टिपलेल्या असतील तर त्याही चुकतात. ओळ शब्दाच्या दोन-तीन फ्रेम आधी यावी, कारण वाचायला क्षणभर लागतो. ओळीतली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरे सुटली तर तो वेळेचा नव्हे, अक्षरजुळणीचा दोष आहे: युनिकोड टंक वापरावा आणि सॉफ्टवेअरच्या पसंतींमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय असल्यास तो निवडावा. छापील पोस्टरवर प्रकाशनाची तारीख घालून ते छापखान्यात देण्यापूर्वी संपूर्ण गाणे एकदा शेवटपर्यंत पाहून घ्यावे. सिंक बसवायला दोन दिवस लागले आणि तारीख पुढे गेली म्हणून दोनशे पोस्टर रद्दीत गेलेली मी पाहिली आहेत, आणि ते पैसे विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून जमवलेले होते.

सभागृहात बिघडले तर

प्रोजेक्टर किंवा दूरदर्शन संच चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो आणि आवाज थेट ध्वनिवर्धकाकडे जातो, म्हणून आवाज आधी येतो. यासाठी संकलन बदलू नये. संचात गेम मोड असल्यास तो चालू करावा, नाहीतर व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘के’ ही कळ दाबून आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मागे घ्यावा. ‘जे’ ने तो पुढे येतो.

कुठे थांबावे

कॅमेऱ्याचे कार्ड वाचले जात नसेल किंवा फाइली अर्धवट उघडत असतील तर त्या क्षणी थांबावे. कार्डवर काहीही नवे लिहू नये, ते फॉरमॅट करू नये आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्यावे. घरगुती प्रयत्नांनी उरलेलेही जाते. सभागृहात कायमची ध्वनियंत्रणा असेल तर तिथला मिक्सर किंवा ॲम्प्लिफायर स्वतः उघडू नये, तिथल्या ध्वनितंत्रज्ञाला आवाज किती उशिरा हवा तो आकडा सांगावा. लय मधेच बदलणारे मिश्रण, किंवा कॅमेऱ्यातला आवाज पुसलेले आणि दर अस्थिर असलेले पन्नासेक शॉट हातात असतील तर तेही व्यावसायिक संकलकाचे काम आहे. वरचे सर्व तपासूनही प आणि ब यांची अंतरे प्रत्येक ओळीत वेगळी येत असतील तर गायकाच्या ओळी पाठ नव्हत्या असे समजावे. त्यावर कोणत्याही यंत्रात उपाय नाही. तेवढ्या ओळींचे जवळचे शॉट पुन्हा घ्यावेत किंवा तिथे वाद्ये, हात, पाण्यावरचा प्रकाश असे शॉट टाकावेत.

तंत्रज्ञाकडे जाताना मूळ क्लिप, चित्रीकरणात वाजवलेली गाण्याची फाइल, पक्के मिश्रण आणि तीन जागी मोजलेल्या अंतरांचा कागद बरोबर न्यावा. क्लिप सरकवून बिघडवलेली टाइमलाइन असेल तर सरकवण्याआधीची प्रतही द्यावी.